अणु, परमाणु आणि रेणु : वऱ्हाडातील द्विभाषिक परिभाषेचा विचार

मराठी रसायनग्रंथांत ऑक्सिजनचा 'अणुभार' १६ दिलेला असतो. हिंदी ग्रंथांत त्याच वायूचा 'अणुभार' ३२ असतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. मराठीत मूलद्रव्याचा लघुतम कण तो अणु, आणि अशा कणांच्या संयोगाने बनतो तो रेणु. हिंदीत पहिल्यास परमाणु व दुसऱ्यास अणु म्हणतात. अमरावती व अकोला हे वऱ्हाडचे जिल्हे १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा द्विभाषिक प्रांतात होते. अमरावतीच्या उत्तरेस आजही मध्यप्रदेशाची सीमा आहे. म्हणून हा भेद येथे केवळ कोशकारांचा राहत नाही, तो विद्यार्थ्याच्या गणितात उतरतो.

असाच घोटाळा युरोपातही एकदा झाला होता. मात्र तेथे घोटाळा शब्दांइतकाच कल्पनेचाही होता. डाल्टनने १८०८ मध्ये अणूंना भार दिले. परंतु पाण्याच्या लघुतम कणासही तो 'संयुक्त अणु'च म्हणे. पाण्यात दोन्ही मूलद्रव्यांचा एकेकच अणु असतो असे त्याने गृहीत धरले. त्या हिशेबाने ऑक्सिजनचा भार १६ ऐवजी ८ येतो. आव्होगाड्रोने १८११ मध्ये दोन कणांतील भेद दाखविला, तथापि तो सर्वमान्य होण्यास अर्धशतक लागले. १८६० मध्ये कार्ल्सरूह येथील परिषदेत कानिझारोने हा भेद स्पष्ट मांडला. श्रोत्यांत मेंडेलीव्ह होता.

भार निश्चित झाल्यावरच आवर्त सारणी शक्य झाली. १८६९ मध्ये मेंडेलीव्हने त्रेसष्ट मूलद्रव्ये भारक्रमाने मांडली आणि काही जागा रिकाम्या ठेवल्या. पुढे त्या जागांना त्याने एका-बोरॉन, एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन अशी नावे दिली. त्यांतील 'एक' हे संस्कृत संख्यावाचक होय. गॅलियम (१८७५), स्कँडियम (१८७९) व जर्मेनियम (१८८६) यांच्या शोधांनी त्या जागा भरल्या. १९१३ मध्ये मोज्लीच्या प्रयोगांनी क्रमाचा आधार भार नसून केंद्रकावरील विद्युत्भार आहे, हे सिद्ध केले.

आता संस्कृत शब्दांकडे वळू. वैशेषिकांच्या मते दोन परमाणूंचे द्व्यणुक होते आणि तीन द्व्यणुकांचा त्रसरेणु. कवडशात दिसणारा कण तो हाच. 'द्व्यणुक' या शब्दातील 'अणु' परमाणूचाच वाचक असल्यामुळे मराठी रूढीस त्यात आधार सापडतो. 'परमाणु' हे शास्त्राचे स्वतःचेच पद असल्याने हिंदीचा आधारही तितकाच दृढ आहे. मात्र या शब्दसाम्यावरून आधुनिक सिद्धांत कणादास ठाऊक होता असे ठरत नाही. वैशेषिकांचे परमाणु पृथ्वी, आप, तेज व वायु असे चतुर्विध होते. सापेक्ष भाराची कल्पना, जिच्यावर डाल्टनची सारी मांडणी उभी आहे, तेथे नाही.

ज्यांचे शालेय शिक्षण अमरावतीस झाले त्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या प्रस्तावनाखंडांपैकी एक संपूर्ण खंड 'विज्ञानेतिहासा'स दिला. परिभाषेच्या प्रश्नातही हीच दृष्टी उपयोगी पडते. रूढ झालेली दोहोंपैकी कोणतीही जोडी आता बदलणे इष्ट नाही. परंतु शब्द कोणत्या कणासाठी योजला आहे हे प्रथम प्रयोगातच सांगितले पाहिजे. रसायनशास्त्राने एवढ्याच स्पष्टतेसाठी पन्नास वर्षे खर्चिली. वऱ्हाडातील पाठ्यपुस्तकास त्यासाठी एक वाक्य पुरेसे आहे.