सोलापूरचा सूर आणि भाषेचा हिशेब

प्रादेशिक अस्मितेची चर्चा आपल्याकडे बहुधा भाषेपाशी सुरू होते आणि भाषेपाशीच संपते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने हा हिशेब पक्का केला. १९६७ मध्ये महाजन आयोगाने अक्कलकोट तालुका म्हैसूर राज्यास द्यावा अशी शिफारस केली, तीही याच हिशेबाने. ती अमलात आली नाही. परंतु सोलापूरच्या गाण्याचा इतिहास मुळात या हिशेबात मावत नाही, असे आम्हांस वाटते.

आरंभ रामजोशीपासून करावा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात जन्मलेला हा ब्राह्मण तरुण घर सोडून तमाशाच्या फडात गेला, पुढे संस्कृत शिकून कीर्तनकारही झाला. मराठी लावणीचा तो मानदंड मानला जातो. पण मराठी, संस्कृत, हिंदी आणि कानडी यांची सरमिसळ करणारी रचनाही त्याचीच. अशी रचना सादर व्हायची तर चारही भाषांतल्या खोचा ओळखणारा श्रोता समोर हवा. तो श्रोता हीच सोलापूरची खरी मिळकत होय.

हाच श्रोता मकरसंक्रांतीस सिद्धेश्वरांच्या यात्रेत दिसतो. बाराव्या शतकातील सिद्धरामांची वचने कन्नड, अक्षता सोहळ्यातील संमतीचे पठणही कन्नड. आणि सात नंदीध्वजांमागून चालणाऱ्या समुदायात मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारे सारेच असतात. संमती उमगली नाही म्हणून अक्षता टाकण्यावाचून कोणी राहत नाही.

१८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली. माग आणि गिरण्या यांच्या आधाराने तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि भवानी पेठ, साखर पेठ अशा पूर्व भागातील वस्त्यांत तेलुगू रुजली. नवरात्राच्या सुमारास तेथील स्त्रिया फुलांची बतुकम्मा रचून तिच्याभोवती फेर धरतात, टाळ्यांच्या ठेक्यावर गातात. त्याच दिवसांत मराठी घरांतील मुली हादग्याच्या हत्तीभोवती फेर धरतात. ऋतू एक, रिंगण एक, भाषा दोन.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलची गोष्ट येथे ताडून पाहण्याजोगी आहे. तेथील कॉर्निश भाषा अठराव्या शतकाच्या अखेरीस व्यवहारातून जवळजवळ लोपली. विसाव्या शतकात तिच्या पुनरुज्जीवनाचे प्रयत्न झाले. तरीही कॉर्नवॉलचे लोक आपले म्हणून जे गीत अभिमानाने गातात, ते ट्रेलॉनीचे गीत हॉकर या कवीने १८२४ मध्ये इंग्रजीत रचलेले आहे. भाषा गेल्यावरही गाण्याने प्रदेश धरून ठेवला.

सोलापुरात भाषा जिवंत आहेत. धोका निराळा आहे. सोलापुरी चादरीस भौगोलिक मानांकन मिळाले, ती महाराष्ट्राची ठरली. चादर विणणाऱ्या घरातले बतुकम्मेचे गाणे मात्र महाराष्ट्राच्या लोकगीतांच्या संग्रहात क्वचितच शिरते. ते पाहुण्याचे समजले जाते. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्यांस पाहुणे म्हणणे हा केवळ त्यांच्यावरील अन्याय नाही. कानडी वगळून रामजोशी पुरा होत नाही, तसे तेलुगू वगळून सोलापूर पुरे होत नाही. ही गाणी आपल्या संग्रहांत, त्यांच्याच भाषेत पण देवनागरीतही, वेळीच नोंदली जावीत. मराठी अस्मितेस त्याने उणेपणा येणार नाही; रामजोशीच्या श्रोत्यास तरी तो कधी जाणवला नव्हता.