श्रावणातल्या उन्हाचा हिशोब

नाशिकला उन्हाला काय तोटा, असं आपण सहज म्हणतो. वैशाखात गोदाघाटावर अनवाणी चाललेल्याला तर पुरावाही नको. पण जिथे विजेची तार पोचलेली नाही अशा मळ्यातल्या घरावर सोलरचे दोन दिवे लावायचे ठरले, की प्रश्न बदलतो. ऊन आहे, पण किती? आणि मुख्य म्हणजे, कधी?

या 'किती'चा इतिहास मोठा गमतीचा आहे. १८५३ साली कॅम्पबेल नावाच्या स्कॉटिश गृहस्थांनी लाकडी वाडग्यात काचेचा गोळा ठेवला. ऊन पडलं की गोळ्यातून एकवटलेले किरण लाकूड जाळत जायचे. १८७९ मध्ये स्टोक्स यांनी लाकडाऐवजी रोज बदलायची पुठ्ठ्याची पट्टी आणली. पट्टी जेवढी जळाली, तेवढे तास ऊन! पण ही पट्टी तास सांगते, उन्हाचा जोर नाही. ढगांतून झिरपणारा उजेड तर तिच्या खिजगणतीतच नाही. पॅनलला मात्र तोही थोडाफार चालतो. १९२४ मध्ये स्वीडनच्या अँगस्ट्रॉम यांनी तासांवरून ऊर्जेचा अंदाज काढायचं सूत्र दिलं. ते आपल्या मुलखाला लागू करायचं, तर कुठेतरी प्रत्यक्ष मोजमाप हवंच.

ते काम आपल्याकडे उभं केलं अ‍ॅना मणी यांनी. सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत संशोधन केलेल्या मणीबाई १९४८ साली पुण्याला हवामान खात्यात आल्या. हवामानाची उपकरणं इथेच बनावीत आणि अचूक बनावीत, हा त्यांचा ध्यास. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात त्यांनी सूर्यापासून येणारी ऊर्जा मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं देशात सुरू केलं. १९७६ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्या थांबल्या नाहीत. १९८० मध्ये त्यांची भारतातल्या सौर प्रारणाच्या आकड्यांची पुस्तिका आली. सोलरचा गंभीरपणे विचार करणाऱ्यांना तिचा मोठा आधार झाला.

आता आपला मळा घेऊ. नाशिकला एप्रिल-मे मध्ये दर चौरस मीटरवर दिवसाला सुमारे ६.५ युनिट ऊर्जा पडते, जुलै-ऑगस्टमध्ये ४ च्या आसपास. पॅनलच्या भाषेत हे भर उन्हाचे तास. म्हणजे ४० वॅटचं पॅनल मे महिन्यात २६० वॅट-तास देईल, ऑगस्टमध्ये १६०. बॅटरी आणि वायरींत तिसरा हिस्सा गेला, तर ऑगस्टमध्ये हाती उरतात जेमतेम १०५. ९ वॅटचे दोन दिवे ४ तास लावायला ७२ लागतात. भागलं की!

पण ऑगस्टची ही सरासरी आहे, आणि श्रावण काही सरासरीने वागत नाही. झड लागली की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची बॅटरी अर्धीच वापरायची म्हटली, तर २४० वॅट-तास, म्हणजे तीन रात्री. चौथ्या रात्री अंधार! आणि मळ्यात साप-विंचू निघतात ते नेमके याच दिवसांत. वर्षाची सरासरी सांगून विकलेला दिवा कामाच्या वेळीच दगा देतो, तो असा.

नासाचे उपग्रहावरून काढलेले आकडे आता घरबसल्या फुकट मिळतात. पण त्यांतला एक अंशाचा चौकोन शंभरेक किलोमीटरचा असतो. त्यात नाशिक आणि इगतपुरी दोन्ही सहज मावतात, आणि दोन्हीकडच्या पावसाळ्यात किती फरक असतो ते आपल्याला कुणी सांगायला नको.

म्हणून मळ्यावर, वाडीवर सोलर बसवणार असाल, तर विक्रेत्याला 'हा हिशोब कुठल्या महिन्याचा?' एवढं जरूर विचारा. आणि गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा, 'बाबा, तुमच्याकडे झड किती दिवस टिकते?' चार म्हणाले, तर बॅटरी पाच रात्रींची घ्या. पैसे जास्त जातील, पण दिवा श्रावणातही लागेल.