हमद पोर्ट : कतारमधील वंशभेद आणि ख्रिस्ती चर्च

कतारचे प्रमुख व्यापारी बंदर. दोहाच्या दक्षिणेस, अल वक्रा आणि मेसईद यांच्या दरम्यान उम्म अल हूल येथे ते आहे. औपचारिक उद्घाटन ५ सप्टेंबर २०१७ रोजी झाले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन व इजिप्त यांनी कतारची नाकेबंदी केली होती. त्यामुळे या बंदराचे महत्त्व एकाएकी वाढले. त्याच वर्षी भारतातील न्हावा-शेवा आणि मुंद्रा येथून थेट मालवाहू जहाजसेवा सुरू झाली.

कतारमधील बंदरे, रस्ते व स्टेडियम उभारण्यात भारत, नेपाळ, बांगलादेश, फिलिपिन्स आणि आफ्रिकेतील देशांतून आलेल्या कामगारांचा मोठा वाटा आहे. ‘कफाला’ पद्धतीत कामगाराचा परवाना मालकाच्या हाती असे. मालकाच्या संमतीविना नोकरी बदलता येत नसे. पासपोर्ट कोणत्या देशाचा, यावर पगार, घर आणि वागणूक ठरे. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविषयक विशेष प्रतिवेदक टेंडायी अचियुमे यांनी २०१९ मध्ये कतारला भेट दिली. राष्ट्रीयत्वावर उभी असलेली प्रत्यक्षातली जातिव्यवस्था, असे त्यांनी या रचनेचे वर्णन केले. वास्तविक कतारच्या राज्यघटनेचे कलम ३५ भेदभावाला मनाई करते. जहाजावरही हा भेद जुनाच आहे. समान मोलाच्या कामाला वंश वा मूळ देश न पाहता समान वेतन द्यावे, असे २००६ च्या सागरी कामगार करारातील मार्गदर्शक सूचना सांगतात. तरी खलाशाचा पगार त्याच्या देशावरून ठरण्याची प्रथा मोडलेली नाही.

कतारमधील ख्रिस्ती समाज जवळजवळ सगळा परदेशी आहे. दोहाच्या कडेला मेसाईमीर येथे चर्चसाठी राखलेले आवार आहे. कॅथलिकांच्या ‘अवर लेडी ऑफ द रोझरी’ चर्चचे अभिषेचन मार्च २००८ मध्ये कार्डिनल आयव्हन डायस यांच्या हस्ते झाले. वांद्र्यात जन्मलेले डायस १९९६ ते २००६ या काळात मुंबईचे आर्चबिशप होते. ज्यांच्या नावाने बंदर ओळखले जाते, त्या तत्कालीन अमीर हमद बिन खलिफा यांनीच चर्चला जमीन दिली. बाहेर क्रूस नाही, घंटा नाही. फाटकावर सुरक्षा तपासणी होते. आठवड्याची सुटी शुक्रवारी असल्याने रविवारपेक्षा शुक्रवारच्या मिस्सालाच अधिक गर्दी असते. इंग्रजी, मल्याळम, टागालोग, कोकणी, अरबी अशा अनेक भाषांत उपासना चालते. बाहेर पगाराच्या उतरंडीत वेगवेगळ्या पायरीवर असलेली माणसे येथे एकाच बाकावर बसतात. वंशभेदाला चर्चने दिलेला हा खरा प्रतिसाद आहे आणि तो हलका मानू नये. मात्र भाषावार विभागणीमुळे देशोदेशीचे गट आपापल्या वर्तुळात राहतात, हेही खरे.

जाहीर निषेधाला येथे फारसा वाव नाही. अन्य धर्माचा प्रसार हा गुन्हा आहे आणि बहुतेक धर्मगुरू स्वतःच निवासी परवान्यावर राहतात. ऑगस्ट २०२२ मध्ये थकलेल्या पगारासाठी दोहात रस्त्यावर उतरलेल्या काही कामगारांना मायदेशी धाडण्यात आले. कतारबाहेर मात्र चर्च बोलले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर पोप फ्रान्सिस यांनी ३ जून २०२० रोजी वंशभेद आणि हिंसा या दोहोंचा जाहीर निषेध केला होता. आखातातील कामगारांविषयी ते नोव्हेंबर २०२२ मध्ये बहारीनमध्ये बोलले : माणसाला माणूसपण नाकारणारे श्रम थांबावेत, अशी त्यांची मागणी होती. कतारमधील फुटबॉल विश्वचषक तेव्हा अवघ्या काही दिवसांवर आला होता. हे बोलणे कतारमध्येच झाले असते, तर त्याचे वजन वेगळे ठरले असते.

भारतीय चर्चला या प्रश्नावर बोलताना स्वतःकडेही पाहावे लागते. चर्चच्या आत दलित ख्रिस्ती बांधवांशी भेदभाव होतो, हे भारतातील कॅथलिक बिशपांनी डिसेंबर २०१६ च्या धोरणपत्रात मान्य केले.

कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी लागणारी मालकाची संमती रद्द केली आणि मार्च २०२१ पासून सर्व देशांच्या कामगारांना, घरकामगारांसह, दरमहा १,००० रियाल किमान वेतन लागू केले. घरकामगारांना आठवड्याची सुटी २०१७ च्या कायद्यानेच मिळाली होती. पण अनेक घरांत ती मिळत नाही. परिणामी घरकाम करणाऱ्या ज्या बायकांना मेसाईमीरच्या चर्चच्या आधाराची सर्वाधिक गरज आहे, त्यांतल्या कित्येकींना शुक्रवारीही तिथवर पोहोचता येत नाही.