कवडी, पै आणि पावली : क्षुद्रतम नाण्याच्या अंताविषयीं थोडेसें

सर्वांत हलक्या किंमतीचें नाणें पाडण्याचें राज्यानें थांबवावें कीं नाहीं, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांचा समजला जातो. परंतु त्याचीं साधनें आपल्या पोथ्यांत व दप्तरांत आहेत, म्हणून येथें त्याचा विचार अप्रस्तुत होणार नाहीं असें आम्हांस वाटतें.

भास्कराचार्यांनीं शके 1072 (इ. स. 1150) मध्यें रचलेल्या लीलावतीच्या आरंभींच परिभाषा दिली आहे. तीप्रमाणें वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण व सोळा पणांचा एक द्रम्म होतो. म्हणजे एका द्रम्मास 1,280 कवड्या पडतात. यांतील सर्वांत खालची वस्तु टांकसाळेंत घडतच नव्हती, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. ती समुद्रमार्गें येई. तिच्या घडणावळीचा भार राजावर नव्हता, म्हणून ती बंद करावी काय हा प्रश्नही त्यास पडला नाहीं. क्षुद्र नाणें स्वतः पाडावयाचें म्हटलें कीं धातूचा भाव राज्याच्या मागें लागतो.

इ. स. 1674 च्या राज्याभिषेकानंतरची शिवराई तांब्याची. इ. स. 1818 मध्यें पेशवाई संपली, तरी ती पुढें पुष्कळ वर्षें बाजारांत चालत राहिली. अखेर किती शिवराया तांबटाच्या भट्टींत गेल्या, याची गणती संग्राहकांनीं न केलेलीच बरी !

इंग्रजी अमलांत रुपयाच्या 192 पै होत. महायुद्धांत, इ. स. 1942 नंतर, पै पाडणें थांबलें, इ. स. 1943 मध्यें भोकाचा पैसा आला व पैशाचें वजन 75 ग्रेनांवरून 30 ग्रेनांवर उतरलें. तथापि हिशेब रुपये-आणे-पै यांतच चालले, ते 1 एप्रिल 1957 पर्यंत. नाणें गेलें, मान राहिलें. आमच्या मतें प्रश्नाचें मर्म येथेंच आहे.

इ. स. 1957 मध्यें मानच बदललें. एक आणा म्हणजे वस्तुतः सव्वासहा नवे पैसे. कोष्टकांत तो 6 धरला. जुना पैसा दीडाहून किंचित् अधिक, तो 2 धरला. आतां जो मजूर पैशा-पैशाचें मीठ-मिरची घेई, त्यास जुन्या रुपयाच्या मालास, म्हणजे 64 खेपांस, 128 नवे पैसे पडणार. आणि एकदम रुपयाचा माल नेणाऱ्यास 100 च. आम्ही वर्गांत हें उदाहरण घालीत असूं, तेव्हां मुलें प्रथम हंसत आणि मग गप्प होत.

पुढें 30 जून 2011 पासून पावली व तिच्याखालचीं सर्व नाणीं कायद्यानें बाद झालीं. आठ आण्यांचें नाणें मात्र त्याच वर्षाच्या नाणे-कायद्याप्रमाणें दहा रुपयांपर्यंतच्या देण्यास ग्राह्य आहे. येथें देवळाली प्रवरा गांवीं एका दुकानदारानें तें आमच्या हातीं परत ठेविलें व उरल्या मोडीबद्दल लिमलेटची गोळी दिली. गोळीचें नाणें मात्र कोणत्याही राजानें पाडलेलें नाहीं.

क्षुद्र नाणें गेल्यास गरीब नाडला जाईल, असें कित्येक म्हणतात. तें सर्वस्वीं खरें नाहीं. जें नाणें कोणी घेतच नाहीं, तें पाडण्यांत तांबें-पोलाद व्यर्थ जातें. तें पाडणें खुशाल थांबवावें. परंतु भाव व हिशेब लहान मानांतच ठेवावे आणि सोडधर करावयाची ती अखेरच्या बेरजेवर, दर जिनसेवर नव्हे. नाडणूक होते ती जिनसेवरील सोडधरीनें.

इ. स. 1942 ते 1957 या काळांतील किराणा-वह्या ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्या रद्दींत घालूं नयेत. बेरजेखालीं पै धरल्या कीं सोडल्या, एवढेंच पाहून कळविल्यास आम्ही आभारी होऊं.