कंदाची झोंप आणि मातीचा ऋतु

बागेसाठीं फुलांचे कंद निवडणें ही वरवर पाहतां हौसेची गोष्ट वाटते. परंतु या निवडीचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानांत येतें कीं, येथें बादशहांच्या हौसेलाही हवामानापुढें हात टेकावे लागले आहेत. कंद ही वनस्पतीची शिदोरी होय. प्रतिकूल ऋतु आला कीं पानें सुकून जातात आणि झाड सांठविलेल्या अन्नावर जमिनीखालीं निजून राहतें. केव्हां निजावयाचें आणि कोणत्या खुणेनें जागें व्हावयाचें, हें त्याच्या जन्मभूमीनें ठरविलेलें असतें. उष्ण प्रदेशांत कंद लावणारानें फुलाचा रंग पाहण्यापूर्वीं ही झोंप ओळखली पाहिजे.

मोगल घराण्याचा संस्थापक बाबर हा मोठा उद्यानप्रिय पुरुष. काबूलजवळच्या टेकड्यांवर फुलणाऱ्या लाल्याच्या, म्हणजे ट्यूलिपच्या, जाती त्यानें एकदां मोजवून घेतल्या. त्या ३२ कीं ३३ भरल्या, असें त्यानें आपल्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. १५२६ सालीं पानिपतची लढाई जिंकून तो आग्र्यास आला आणि यमुनेच्या कांठीं त्यानें बागा उठविल्या. येथील उष्मा, वारा आणि धूळ यांना तो त्रासून गेला. तरी या देशाच्या फुलांविषयीं लिहितांना जास्वंद, कण्हेर आणि केवडा यांना त्यानें मनापासून दाद दिली. यांपैकीं एकही कंदाचें फूल नव्हे. त्याचा पणतू जहांगीर १६२० सालीं काश्मिरांत गेला, तेव्हां त्याच्या पदरच्या उस्ताद मन्सूर या चित्रकारानें तेथील शंभरांहून अधिक फुलांचीं चित्रें काढलीं. मन्सूरचें लाल्याचें चित्र आजही प्रसिद्ध आहे. मैदानी मुलखांत मात्र लाला शोभला तो मुख्यतः चित्रांत, वस्त्रांवर आणि संगमरवराच्या नक्षींत.

याचें कारण कंदाच्या पोटांत आहे. ट्यूलिपची पुढील वर्षाची कळी उन्हाळ्यांतच कंदाच्या आंत तयार होते; परंतु तिचा दांडा नीट वर येण्यास सुमारें तीन-चार महिने सलग थंडी लागते. हॉलंडमधील वाखेनिंगेन येथील प्राध्यापक ब्लाऊ यांनीं १९२० नंतरच्या वर्षांत प्रयोग करून कंदांचा आणि उष्णमानाचा हा संबंध शास्त्रशुद्ध रीतीनें उलगडला. अशी थंडी पुण्यामुंबईच्या हिंवाळ्यांत मिळत नाहीं. शीतगृहांत ठेवून तयार केलेला कंद येथील कुंडींत एकदां फुलतो. पुढच्या वर्षीं बहुधा पानांवरच भागवावें लागतें. श्रीनगरास दाल सरोवराजवळ २००७ सालीं खुली झालेली ट्यूलिपची विस्तीर्ण बाग दर वसंतांत बहरते, ती तेथील हिंवाळ्याच्या जोरावर.

निशिगंधाची कहाणी याच्या उलट आहे. हा मूळचा मेक्सिकोचा. त्याच्या शुभ्र रंगावरून तेथील ॲझ्टेक लोक त्यास ‘हाडाचें फूल’ या अर्थाच्या नांवानें ओळखीत. सोळाव्या शतकांत तो युरोपांत पोंचला आणि दर्यावर्दी व्यापाराच्या युगांत पूर्वेकडे आला. तेव्हां कालिदासाला हें फूल ठाऊक असणें शक्यच नव्हतें. तरीही बंगालनें त्यास रजनीगंधा म्हटलें, फारसीच्या छायेंत तो गुल-ए-शब्बो झाला आणि मराठीनें त्यास निशिगंध व गुलछडी अशीं दोन नांवें दिलीं. आज पुणें-सातारा भागांत त्याचीं शेतें आहेत आणि लग्नमंडपापासून देवघरापर्यंत त्याचा संचार आहे. हा पाहुणा घरचा झाला तो केवळ सुवासामुळें नव्हे. त्याच्या मायभूमींतही पाऊस उन्हाळ्याच्या दिवसांत येतो. त्यामुळें दख्खनचा ऋतुक्रम त्यास परका वाटला नाहीं.

या देशाच्या मातींतील कंदांकडे मात्र पुष्कळदां परक्यांचीच दृष्टि आधीं वळली. १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापणारे विल्यम केरी हे तितकेच जातिवंत बागवान होते. श्रीरामपूरच्या आपल्या बागेंत त्यांनीं देशोदेशींच्या वनस्पती जोपासल्या आणि १८२० सालीं कलकत्त्यास कृषि व उद्यानविद्येची संस्था स्थापिली. कंदवर्गाचे इंग्रज अभ्यासक विल्यम हर्बर्ट यांनीं क्रायनम नामक कंदाच्या एका जातीस केरी यांचें नांव दिलें. लांब पानांचें, पांढऱ्या सुवासिक फुलांचें हें क्रायनमचें कूळ भारतांत सहज वाढतें.

कंद हा शब्द व्यापक अर्थानें घेतला, तर महाराष्ट्रांतील घराभोंवतीं लावण्याजोगा संग्रह लहान नाहीं. भुईचाफा उन्हाळ्यांत पानांच्या आधींच जमिनींतून फूल वर काढतो. सोनटक्का भर पावसांत, ओलसर जागीं दरवळतो. कळलावीचीं ज्वालेसारखीं फुलें गौरीच्या सणाच्या सुमारास येतात. मात्र तिचा कंद अत्यंत विषारी असल्यानें मुलांच्या हातीं लागूं देतां कामा नये. औषधासाठीं खणून खणून ती कित्येक रानांत विरळ झाली आहे. म्हणून तिचा कंद रानांतून उपटून न आणतां रोपवाटिकेंतून घ्यावा. निशिगंधास भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन द्यावी, आणि पावसाळ्यापूर्वीं तो लावावा.

परदेशी म्हणून कोणताही कंद त्याज्य नाहीं आणि देशी म्हणून प्रत्येक कंद प्रत्येक अंगणांत रुजेल असेंही नाहीं. विक्रेत्याच्या चित्रांतील फूल सर्वत्र सारखेंच दिसतें. फरक पडतो तो दुसऱ्या वर्षीं. दरसाल नवा कंद विकत घ्यावा लागला, तर ती बाग नव्हे, तो पाहुणचार झाला. जो कंद आपल्या झोंपेचा काळ येथील ऋतूंशीं जुळवून घेतो, तोच पिढ्यान्‌पिढ्या अंगणांत टिकतो आणि शेजारणीला देण्यापुरतीं पिलेंही धरतो.