सरकारी वकिलाचा साहेब कोण? जव्हार-मोखाड्यातून दिसणारा एक इतिहास

जव्हारच्या फौजदारी कोर्टाबाहेर आपली माणसं दोन रांगांत बसलेली दिसतात. एका रांगेत फिर्यादी, दुसऱ्या रांगेत आरोपी. दोन्हीकडे वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी. तालुक्यात दहापैकी नऊ माणसं आदिवासी असतील तर कोर्टाच्या पायरीवरही तेच दिसणार. या माणसांना आपला वकील कोण हे विचारलं, तर फिर्यादी बोट दाखवतो ते सरकारी वकिलाकडे. आणि सरकारी वकिलाचा साहेब कोण असं विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर येतं: पोलीस.

हे उत्तर आजच्या कायद्यानुसार चूक आहे. पण ते अडाणीपणातून आलेलं नाही, इतिहासातून आलेलं आहे. तो इतिहास मांडणं आम्हाला गरजेचं वाटतं, कारण ॲट्रॉसिटीच्या केसेस का सुटतात यावर बोलताना आपण पोलिसांवर बोलतो, न्यायाधीशांवर बोलतो, फितूर साक्षीदारांवर बोलतो. पण मध्ये उभ्या असलेल्या अभियोक्त्यावर, आणि त्याला कोण हाकतो यावर, फारसं बोलत नाही.

दोन तालुके, दोन सरकारं, एकच मार

१९४८ पर्यंत जव्हार आणि मोखाडा एका राज्यात नव्हते. जव्हार हे मुकणे घराण्याचं कोळी संस्थान. मोखाडा इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याचा एक पेटा. संस्थानात न्याय राजाच्या नावाने, मोखाड्यात बादशहाच्या नावाने. राजा आदिवासी समाजातला म्हणून रयत सुखी झाली, असं मात्र कुणी म्हणू नये. सावकारी, जंगलावरची बंदी आणि वेठ यांनी हद्द पाहिली नाही.

इंग्रजी हद्दीतली व्यवस्था नीट समजून घ्या. मामलेदार आणि महालकरी सारा वसूल करत आणि दंडाधिकारी म्हणून खटलेही चालवत. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने खालच्या कोर्टात खटला चालवायला पोलीस अधिकाऱ्याला मुभा दिली होती. अट एवढीच, की त्याने त्या गुन्ह्याचा तपास स्वतः केलेला नसावा. म्हणजे पकडणारा पोलीस, आरोप मांडणारा त्याच खात्यातला दुसरा पोलीस, आणि निकाल देणारा महसूल अधिकारी. सगळे एकाच सरकारी वाड्यातले. ‘पोलीस प्रॉसिक्युटर’ हा शब्द इथून रुजला.

आणि खटले कसले? १८९२ साली मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांचा कायदा केला. झाडाखाली पडलेली मोहफुलं गोळा करून घरात ठेवणं हा गुन्हा झाला. पिढ्यान्‌पिढ्या जे अन्न होतं, औषध होतं, देवाला वाहायचं होतं, त्याच्यासाठी माणूस आरोपी झाला. त्याच्या बाजूने बोलायला कुणी नाही, विरुद्ध बोलायला पगारी पोलीस.

१९३०च्या दशकाच्या शेवटी सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या आदिवासींची पाहणी केली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारी माणसं त्याने सरकारी अहवालात नोंदवली. सरकारला माहीत नव्हतं असं नाही. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने वारली उठले, ते याच वेठीविरुद्ध. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे साथीदार मारले गेले. परुळेकरांवर हद्दपारीचा हुकूम आला. वेठीला ठेवणाऱ्यांवर नाही, वेठ मोडणाऱ्यांवर.

बाबासाहेबांनी नेमकं काय ओळखलं

१९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करायला स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात समितीने मान्य केलं, की हक्क कागदावर दिले तरी ते वापरायला गेलेल्या माणसाला उघड मारहाणीची भीती आहे आणि गावाच्या बहिष्काराची भीती आहे. हाच भाग पुढे बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेसमोर ठेवला. अस्पृश्य आणि आदिवासी एकाच अहवालात होते, हे आज दोघांना वेगळं पाडू पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

२४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी ३९-अ हे नवं कलम मांडलं. न्यायसंस्था कार्यकारी सत्तेपासून वेगळी करावी, आणि तीही तीन वर्षांत, असं ते होतं. तीन वर्षांची मुदत अंतिम मसुद्यात राहिली नाही. कलम राहिलं. तेच आजचं कलम ५०. मुंबई राज्याने १९५१ मध्ये त्यासाठी कायदा केला आणि मामलेदाराच्या हातातून फौजदारी खटले काढून न्यायदंडाधिकाऱ्याकडे देण्याची वाट मोकळी झाली.

वाड्याची एक भिंत पडली. दुसरी तशीच राहिली. निकाल देणारा वेगळा झाला, पण आरोप मांडणारा पोलीस खात्यातच होता.

एकवीस वर्षं पगार एकाचा, काम दुसऱ्याचं

१९५८ मध्ये सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने चौदाव्या अहवालात स्पष्ट सांगितलं, की अभियोग यंत्रणा पोलिसांपासून वेगळी करा. खटला चालवणाऱ्याकडे जी तटस्थता हवी ती पोलीस खात्यातल्या माणसाकडून अपेक्षिता येत नाही. त्यानंतर १९७३ ची नवी संहिता आली आणि १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. तिच्या कलम २५ प्रमाणे पोलीस अधिकारी सहायक सरकारी अभियोक्ता होण्यास अपात्र ठरला.

महाराष्ट्र सरकारने काय केलं? त्याच दिवशी असलेल्या पोलीस प्रॉसिक्युटरांनाच सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून नेमलं. दारावरची पाटी बदलली. प्रशासकीय आणि शिस्तीचा ताबा पोलीस खात्याकडेच ठेवला. ज्याच्या तपासातली खोट कोर्टात सांगायची, त्याच्याच खात्याच्या हातात आपली नोकरी. अशा माणसाने ‘हा पंचनामा घरात बसून लिहिलेला दिसतो’ असं कधी म्हणायचं?

याविरुद्ध कोण लढलं? कुठला पक्ष नाही. हे अभियोक्तेच कोर्टात गेले. एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पोलीस खात्याचा ताबा काढा, अभियोक्त्यांचा वेगळा संवर्ग आणि वेगळं खातं करा, त्याचा प्रमुख थेट राज्य सरकारला जबाबदार असेल, असा आदेश दिला. १९७४ ते १९९५, एकवीस वर्षं. या एकवीस वर्षांत खालच्या कोर्टांत सुटलेल्या आणि अडकलेल्या आपल्या माणसांचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

खातं वेगळं, छप्पर तेच

आज महाराष्ट्रात अभियोग संचालनालय आहे. हा विजय आहे आणि तो लहान नाही. पण ते संचालनालय कुणाच्या अखत्यारीत? गृह विभागाच्या. पोलीस कुणाच्या अखत्यारीत? त्याच गृह विभागाच्या. २००५ च्या दुरुस्तीने संहितेत २५-अ हे कलम आणलं आणि ही रचना कायद्यातच बसवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २० मध्येही संचालनालय गृह विभागाखालीच आहे. सत्र न्यायालयातला जिल्हा सरकारी वकील मात्र आपल्याकडे विधी व न्याय विभागाकडून नेमला जातो. खाली एक साहेब, वर दुसरा. त्याच गावातला गुन्हा, कलम बदललं की वकिलाचा मालक बदलतो.

नव्या संहितेतही अभियोक्ता उपलब्ध नसेल तर पोलीस निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला उभं करण्याची फट आहे. तपासात भाग घेतलेला नसावा, एवढीच अट. ही १८९८ चीच अट आहे हे वाचकांच्या लक्षात आलं असेल. अशी फट शहरात वापरावी लागत नाही. जिथे पदं रिकामी राहतात, जिथे बदली म्हणजे शिक्षा समजली जाते, तिथेच ती उघडू शकते. जव्हार-मोखाडा अशाच ठिकाणांत मोडतात. २०१४ पर्यंत इथला जिल्हा ठाणे होता आणि जिल्ह्याचं ठिकाण शंभर किलोमीटरहून लांब. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, अंतर कमी झालं, पण घाट तोच आणि दिवसाची बुडालेली मजुरीही तीच.

आणि वेठबिगारीचं काय? १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याचं कलम २१ काढून वाचा. या गुन्ह्यांचे खटले चालवण्याचा अधिकार राज्य सरकार कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे महसूल अधिकाऱ्याला देऊ शकतं. बाबासाहेबांनी कलम ५० ने जी गाठ सोडवली, ती सर्वांत गरीब मजुराच्या बाबतीत पुन्हा बांधली गेली. २०२१ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या एका कातकरी बापाने आत्महत्या केली. मुलाच्या अंत्यविधीसाठी घेतलेल्या पाचशे रुपयांपायी त्याला राबवून घेतलं, असा आरोप होता आणि वेठबिगारीच्या कायद्याखाली गुन्हाही नोंदला गेला. सिमिंग्टनच्या अहवालानंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी.

‘पण मग शिक्षा कशा होणार?’

पोलिसांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी येतो. अभियोक्ता आणि पोलीस तोडले की समन्वय संपतो, आरोपी सुटतात. आम्ही हा युक्तिवाद हसण्यावारी नेत नाही. खैरलांजीत आठ जणांना शिक्षा झाली, पण ॲट्रॉसिटीचा कायदा कोर्टात टिकला नाही. खर्डा प्रकरणात साक्षीदार फिरले आणि २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले. तपास आणि अभियोग यांत संवाद हवाच.

पण संवाद आणि ताबा या दोन गोष्टी आहेत. डॉक्टर आणि लॅब रोज बोलतात, म्हणून लॅबने डॉक्टरला हवा तो रिपोर्ट द्यायचा नसतो. दोषारोपपत्रात जातीचा उल्लेख नाही, जातीचा दाखला जोडलेला नाही, तपास उपअधीक्षक दर्जाखालच्या माणसाने केला, या चुका वेळीच परत पाठवायला ज्याला भीती वाटत नाही असा अभियोक्ताच केस वाचवतो. आणि आपली माणसं फक्त फिर्यादी नसतात, आरोपीही असतात. खोट्या केसमध्ये अडकवलेल्या कातकऱ्यालाही असाच अभियोक्ता लागतो, जो पुरावा नाही हे कोर्टाला सांगेल.

आता काय करायचं

आमची पहिली मागणी, अभियोग संचालनालय गृह विभागातून काढून विधी व न्याय विभागाखाली आणा. दुसरी, अनुसूचित क्षेत्रातल्या कोर्टांत अभियोक्त्याचं एकही पद रिकामं ठेवू नका आणि वारली, कातकरी बोली समजणारा दुभाषी द्या. तिसरी, वेठबिगारीचे खटले न्यायदंडाधिकाऱ्याकडेच चालवा.

पण मागणीची वाट पाहत बसू नका. हातात असलेली हत्यारं वापरा. ॲट्रॉसिटी नियम १९९५ च्या नियम ४ प्रमाणे विशेष सरकारी वकिलांच्या कामाचा आढावा जिल्हाधिकारी आणि अभियोग प्रमुखांनी वर्षातून किमान दोनदा, जानेवारीत आणि जुलैत घ्यायचा असतो. प्रत्येक केसचा मासिक अहवाल पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत पाठवायचा असतो. पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि हे अहवाल मागा. पीडिताला हवा असेल तर नामांकित वरिष्ठ वकील नेमून मागण्याची तरतूद त्याच नियमात आहे. कलम १५-अ प्रमाणे जामिनाच्या सुनावणीचीही सूचना पीडिताला मिळालीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पक्कं केलं आहे. सूचना न देता जामीन झाला असेल तर त्याला आव्हान द्या.

पुढच्या तारखेला कोर्टाबाहेर बसलेल्या माणसाला सरकारी वकिलाचा साहेब कोण असं विचारलं, तर त्याने पोलीस म्हणू नये, गृहमंत्रीही म्हणू नये. त्याने म्हणावं: संविधान. हे उत्तर खरं करायचं काम अजून शिल्लक आहे.

जय भीम! जोहार!