हृदयाचा झटका आणि खाडीपलीकडचं रुग्णालय

मनोरी मुंबईतच आहे. पण तिथून मालाडला यायचं तर फेरीबोटीनं खाडी ओलांडून मार्वे गाठावं लागतं, नाहीतर गोराई-उत्तनवरून भाईंदरचा वळसा. घरात कुणाला हृदयविकाराचा तीव्र झटका आला, तर हीच खाडी फार रुंद होते. ती का, हे कळण्यासाठी थोडा इतिहास पाहू.

हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग दुबळा झाला, की रक्त पुढे ढकललं जात नाही. रक्तदाब कोसळतो, हातपाय गार पडतात, दरदरून घाम येतो, माणूस असंबद्ध बोलू लागतो. हा ‘कार्डिओजेनिक शॉक’. १९६७ साली किलिप आणि किम्बॉल या अमेरिकन डॉक्टरांनी अडीचशे रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शॉकमध्ये गेलेल्यांपैकी ८१ टक्के दगावले होते.

१९८६ मध्ये इटलीतल्या मोठ्या चाचणीत, गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजनं अनेकांचे प्राण वाचतात, हे सिद्ध झालं. शॉकच्या रुग्णांना मात्र लाभ झाला नाही. औषध द्या वा न द्या, सुमारे सत्तर टक्के जातच. रक्ताला जोरच नसेल, तर औषध गुठळीपर्यंत पोहोचणार कसं?

मग वाहिनी आतूनच उघडायची. ग्रुंटझिग यांनी १९७७ मध्ये झुरिचला फुग्यानं ते करून दाखवलं. १९८६ मध्ये फ्रान्समधल्या तुलूज इथं प्युएल यांनी हृदयाच्या वाहिनीत पहिला स्टेंट, म्हणजे धातूची बारीक जाळी, बसवला. पण मरणासन्न माणसावर असा उपचार करावा का? जुडिथ हॉकमन यांच्या १९९९ च्या चाचणीनं उत्तर दिलं. ३०२ रुग्णांपैकी निम्म्यांवर तातडीनं अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली. महिनाभरानंतरचा फरक ठोस नव्हता. सहा महिन्यांनी मात्र मृत्यूचं प्रमाण ६३ टक्क्यांऐवजी ५० टक्के दिसलं. शंभरामागे तेरा माणसं अधिक वाचली.

२०१७ मध्ये आणखी एक धडा मिळाला: अनेक वाहिन्या अरुंद असल्या, तरी आधी झटक्याला कारण झालेलीच उघडावी. त्याच वर्षी भारत सरकारनं स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली.

आजही शॉकमधले जवळजवळ निम्मे रुग्ण वाचत नाहीत. म्हणून छातीत दाब, घाम, धाप जाणवताच, शॉकची वाट न पाहता, १०८ ला फोन करावा. अँजिओप्लास्टी चोवीस तास होते असं जवळचं रुग्णालय कोणतं, रात्री बोट नसताना रस्ता कोणता, हे मनोरीतल्या प्रत्येक घरानं आजच विचारून ठेवावं.